देवराईचं पाणी

उमेश हेंद्रेला किळस यायची. कशाची ते विचारू नका. कशाची यायची नाही ते विचारा, म्हणजे लवकर सुटका होईल. दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, ओल्या फडक्याचा कुबट वास, बेसिनच्या जाळीत अडकलेली शितं, पंगतीत वाढप्याचा आमटीत बुडालेला अंगठा, दुधावरची साय. साय तर त्याला बघवतही नसे. आणि अशा माणसाला नशिबानं नेऊन बसवावं कुठं? तर कुंभेरी औद्योगिक वसाहतीच्या सांडपाणी प्रकल्पावर, मॅनेजर म्हणून.

कुंभेरीत रस्त्याच्या एका बाजूला फरसाणाचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला गिअर-बेअरिंगची वर्कशॉपं. इकडे शेव पडायची, तिकडे लोखंडाचा कीस पडायचा, आणि दोन्हीकडचं तेल एकाच गटारातून निमूटपणे उमेशकडे यायचं. पहिल्या टाकीत सगळं जमा व्हायचं. तळून तळून काळं पडलेलं पामतेल, जळकं बेसन, ग्रीस, कामगारांनी हात धुतल्याचा फेस, आणि कधीमधी एखादी घूस, पोट वर करून, अशी चकचकीत की कुणी पॉलिश मारलंय. या सगळ्यावर बोटभर जाड, पिवळट, सुरकुतलेला थर. उन्हात तो थर हळूच फुगायचा, मधोमध एक बुडबुडा वर यायचा आणि फुटताना 'प्लप' असा आवाज करायचा. उमेश साय का खात नसे, ते आता कळलं असेल.

तरी हे पाणी नुसतं साफ करून ओढ्यात सोडायचं असतं, तर त्यानं नाक दाबून निभावलं असतं. पण धरणाचं पाणी आता वरच्या अंगाच्या डेटा सेंटरांना थंड ठेवायला जायचं. माणूस तापला तरी चालतो, संगणक तापून चालत नाही. तेव्हा वरून कुंभेरीला निरोप आला, की तुमचं पाणी तुम्हीच धुवा आणि तुम्हीच प्या.

ते धुवायची युक्ती काढली होती उमेशच्याच मुलीनं. ओवी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. जुन्या गॅरेजांची माती, तेलघाण्यांच्या भिंती, पेट्रोलपंपांमागची डबकी असं कुठं कुठं जाऊन तिनं तेलावर जगणारे जिवाणू गोळा केले आणि त्यांची एक टोळी बांधली. टोळीतले काही जण साबणासारखा फेस सोडून तेलाचे बारीक बारीक थेंब करायचे. दुसरे चिकट धागे काढून त्या थेंबांना बिलगायचे आणि कात्रीनं कापावेत तसे तेलाचे तुकडे पाडायचे. तिसरे ते तुकडे खाऊन टाकायचे. मागे उरायचं पाणी, आणि ढेकर दिल्यासारखे चार बुडबुडे.

पण तिची खरी करामत वेगळीच होती. कारखान्यातलं तेल पाळीपाळीनं येतं. आला की लोंढा, नाही तर कडक उपास. साधे जिवाणू अशा उपासात मरून जातात. ओवीनं त्यांच्या जनुकांत असा बदल केला, की तेल संपलं की ते टणक कवच अंगावर ओढून झोपी जायचे आणि तेलाचा थेंब लागला की मिनिटाभरात जागे होऊन भुकेनं पिसाळायचे. तळणीचं पाणी कढत येतं, म्हणून गरम पाण्यात तर त्यांना जास्तच हुरूप यायचा. प्रयोगशाळेत त्यांना लांबलचक नंबर होता. कुंभेरीनं नाव ठेवलं, बकासुर.

तीन वर्षांपूर्वी चौकात भलंमोठं पोस्टर लागलं. त्यावर उमेश, हातात ग्लास, चेहऱ्यावर हसू, आणि खाली अक्षरं, 'आधी मी, मग तुम्ही!' त्या पोस्टरवर विसंबून सगळ्या कुंभेरीनं हे पाणी तोंडाला लावलं. पहिल्यांदा घाबरत, मग सवयीनं. कुणाला काही झालं नाही.

फोटोतल्या ग्लासात बाटलीतलं पाणी होतं, हे फक्त फोटोग्राफरला माहीत होतं. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत उमेश आपल्या प्रकल्पाच्या पाण्याचा थेंबही प्यायला नव्हता, हे फक्त बायकोला. म्हणजे मेघनाला. आणि सोपान जगदाळेला.

सोपान टँकरवाला. तो उमेशसाठी दर दोन दिवसांनी जुन्या टीव्हीच्या खोक्यात लपवून पाण्याचा जार आणायचा. ओढ्यापलीकडच्या देवराईतल्या विहिरीचा. "साहेब, खापरपणजोबांनी बांधलेली विहीर," सोपान गळ्याला हात लावून सांगायचा. "वर वडाची सावली, खाली झरा. माणसाचं बोट लागलेलं नाही."

उमेश तो जार घरी न्हाणीतल्या बॉयलरच्या मागं ठेवायचा आणि डोळे मिटून पाणी प्यायचा.

"मुळांचा वास येतो," तो म्हणायचा. "मातीचा. जरासा... खमंग."

"खमंग पाणी मी जन्मात पहिल्यांदा ऐकतेय," मेघना म्हणायची. "मी नळाचं पिते. हे बघा, उभी आहे तुमच्यासमोर. धडधाकट."

धडधाकट होतीच ती, चांगली ऐसपैस. उमेश मात्र या तीन वर्षांत वाळून काटकुळा झाला होता. पुरणपोळीवर तुपाची धार धरायचा, बटाटेवडे चेपायचा, तरी पॅंट कमरेवरून खाली. लोक म्हणायचे, हेंद्रेसाहेबांचा काय संयम! डॉक्टरनं सगळं तपासलं आणि 'प्रकृती उत्तम, कोलेस्टेरॉल जवळजवळ नाहीच' असं म्हणून स्वतःच्याच पोटाकडे खिन्नपणे बघितलं.

आणखी एक भानगड होती. हेंद्र्यांच्या घरी लोणचं टिकत नसे. उमेश चमचासुद्धा आपल्या जारच्या पाण्यानं विसळून मगच बरणीत घालायचा. आठवड्याभरात लोणच्यावरचं तेल गायब, आणि फोडींना शेंबडासारखी तार.

"माझ्या आईच्या हातचं लोणचं दोन-दोन वर्षं राहायचं," मेघना बरणी ओतून देताना कुरकुरायची.

"तेल भेसळीचं असेल," उमेश म्हणायचा आणि तार बघून उलटी दाबत बाहेर पळायचा.

*

दिवाळीच्या तोंडावर ओवीचा फोन आला. तिचं लग्न वैशाखात झालं होतं. नवरा कैवल्य बोकील, पुण्याचा. पहिला दिवाळसण, तेव्हा जावई येणार हे ठरलेलंच.

"बाबा, अहो आईपण येतायत," ओवी म्हणाली. अहो आई म्हणजे तिच्या सासूबाई, चारुशीला बोकील.

"या की. आनंद आहे."

"नुसत्या सणाला नाही येत. त्या आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष आहेत ना. साडेतीन हजार फ्लॅट आहेत, बाबा. तिथं माझा प्लांट बसवायचा की नाही, ते त्यांच्या सहीवर आहे. आणि त्यांना पाण्याची फार किळस. हॉटेलात स्वतःची बाटली नेतात, बाटली पुसायला स्वतःचा रुमाल नेतात, आणि रुमालाला स्वतःची पिशवी. अगदी तुम्ही होतात तशा."

"होतात म्हणजे?"

"म्हणजे हे पाणी प्यायला लागण्याआधी! मी त्यांना एवढंच सांगितलं, की माझे बाबा साय बघून ताटावरून उठतात आणि तेच बाबा रोज हे पाणी पितात. तर म्हणाल्या, मग मी त्यांच्या घरी येऊन अभ्यंगस्नान करते. त्रास झाला नाही तर सही." ओवीचा आवाज एकदम बारीक झाला. "लग्नाआधी त्यांच्याकडे मला काय म्हणायचे माहितीये? गटारवाली. तुमच्या नावावर सगळं निभावलंय, बाबा."

फोन ठेवल्यावर उमेश बॉयलरमागं जाऊन देवराईचं पाणी घटाघटा प्यायला.

त्याची पोरगी खोटी पडता कामा नये, हे त्याला कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर विहीणबाई पाटावर बसल्या होत्या, कुणीतरी डोक्यावर तांब्या ओतत होतं, आणि त्या तांब्यातून पिवळी साय, जळकं बेसन आणि पॉलिश मारलेली घूस. कानात 'प्लप' झालं. छे! दिवाळीच्या दिवशी, पाहुण्यांच्या अंगावर, तसलं पाणी?

त्यानं सोपानला फोन लावला. "एक छोटा टँकर. गच्चीवरची टाकी पूर्ण भरून हवी. परवा दुपारी ये, सगळे झोपलेले असतात."

"पूर्ण टाकी?" सोपान घुटमळला. "साहेब, विहिरीला जरा... बरं. सणासुदीचं तुम्हाला नाही कसं म्हणायचं!"

परवा दुपारी उमेशनं नळाच्या पाण्याचा कॉक स्वतःच्या हातानं बंद केला. मेघना गच्चीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पोरीनं जन्म घालवला त्या पाण्यापायी," ती म्हणाली, "आणि बाप तिच्याच दिवाळसणाला टँकर मागवतो."

"तिच्याचसाठी करतोय. विहीणबाईंना काही झालं तर?"

"गावाला काही होत नाही. विहीणबाईंना काय शिंगं आहेत?"

"तू बोलू नकोस कुणाला."

"मी कशाला बोलतेय! तुमचं पाणीच बोलेल एक दिवस," मेघना म्हणाली आणि चकल्या तळायला निघून गेली.

*

चारुशीलाबाई गाडीतून उतरल्या त्या आधी डावा पाय, मग सॅनिटायझर, मग उजवा पाय, अशा. बाई गोऱ्यापान, भारदस्त, केस कमरेपर्यंत. त्यांचे यजमान बोकीलसाहेब पुण्यालाच कुत्र्यापाशी थांबले होते. कैवल्य मात्र साधा पोरगा, हसरा, खाण्याचा शौकीन. आल्या आल्या त्यानं शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेतला.

संध्याकाळी ओवीनं सासूबाईंना प्लांट दाखवला. उमेश मागं मागं, नाकाला रुमाल.

पहिल्या टाकीपाशी चारुशीलाबाईंनी एकदाच खाली बघितलं आणि "शी! शी शी शी!" असं म्हणत कैवल्यच्या पाठीमागं गेल्या. उमेशला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

दुसऱ्या टाकीत बकासुर जेवत होते. सगळी टाकी बुळबुळीत, करड्या, हलणाऱ्या लोळाची. जणू हजार माणसांनी एकदम नाक शिंकरलंय.

"आणि ही तिसरी," ओवी म्हणाली. तिसऱ्या टाकीतलं पाणी काचेसारखं होतं, तळाचा बोल्टसुद्धा दिसत होता. "इथं तेल संपलेलं असतं. दिसायला स्वच्छ, पण बकासुर इथंच आहेत. कवचात झोपलेत. म्हणून हे पाणी कुणाला देत नाही. चौथ्या टाकीत अगदी बारीक जाळीतून गाळतो, वर अतिनील किरण मारतो. तिथून पुढं एकही जिवाणू जात नाही. तिथल्या नळावर मीटर, सेन्सर, सगळं आहे."

"आणि या टाकीला नळ कशाला?" चारुशीलाबाईंनी तिसऱ्या टाकीच्या बुडाशी असलेल्या व्हॉल्व्हकडे बोट केलं.

"टाकी धुवायची वेळ आली तर रिकामी करायला. एरवी कुणी हात लावत नाही."

व्हॉल्व्हच्या खाली जमीन ओली होती. उमेशनं ती बघितली. ओल बघून त्याला किळस आली, म्हणून त्यानं मान फिरवली. तिथंच चुकलं.

परतताना चारुशीलाबाई त्याच्या बरोबरीनं चालू लागल्या. "खरं सांगा हं, हेंद्रे. तुम्ही रोज पिता हे?"

समोर चौकात पोस्टर होतं. पोस्टरमधला उमेश खऱ्या उमेशकडे बघून हसत होता. ओवी दोन पावलं पुढं होती, पण तिची पाठ ऐकत होती.

"रोज," उमेश म्हणाला.

*

नरकचतुर्दशीची पहाट. दारात पणत्या, अंगणात रांगोळी, तेलात कालवलेल्या उटण्याचा वास. जावई पाटावर. मेघनानं त्याच्या डोक्यावर वाटीभर सुवासिक तेल ओतून टाळू चांगली थापली. अंगाला तेल, तळव्यांना तेल, कानांत तेल. तिकडे दुसऱ्या न्हाणीत ओवी सासूबाईंच्या कमरेपर्यंतच्या केसांत नारळाचं तेल मुरवत होती. उमेशनंही स्वतःला दणकून तेल चोळलं. म्हटलं, आज निदान पाण्याची चिंता नाही.

कैवल्यनं डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं, बी जिभेला लावून तोंड वाकडं केलं आणि मोरीत बसला. मेघनानं फुलबाजी पेटवली. उमेशनं पहिला तांब्या ओतला, कढत कढत.

"अहाहा!" कैवल्य म्हणाला. "बाबा, पाण्याला काय खमंग वास आहे!"

उमेशचा ऊर भरून आला.

दुसरा तांब्या. तिसरा. मग कैवल्यनं सुगंधी साबण घेतला आणि फेस करायला लागला. फेस आला. जरा जास्तच आला. मग तो फेस करडा झाला. मग त्याचे धागे झाले.

"बाबा," कैवल्य जपून म्हणाला, "हे... सुटत नाहीये."

त्यानं दोन्ही तळवे लांब केले. मधे झुलत्या पुलासारखी एक जाडसर, लोंबती तार आली. त्यानं ती कोपरानं तोडायला बघितली, तर चार झाल्या.

"आणखी साबण लावा," मेघना घाबरून म्हणाली.

साबण म्हणजे तरी काय? चरबीच की. कैवल्यनं साबण लावला आणि बकासुरांनी दिवाळीचं फराळाचं ताट आल्यासारखं त्याचं स्वागत केलं. बघता बघता पोराचं सगळं अंग एका थलथलीत, ऊबदार, हलक्या हलणाऱ्या पापुद्र्यानं भरून गेलं. पापण्यांवर, नाकाच्या शेंड्यावर, कानातून बाहेर. बेंबीत एक बुडबुडा फुगला.

'प्लप.'

उमेशला तो आवाज ओळखीचा वाटला. तेवढ्यात दुसऱ्या न्हाणीतून किंकाळी आली.

चारुशीलाबाई बाहेर आल्या तेव्हा अंगाला मोठा टॉवेल होता, आणि डोक्यावर केस नव्हतेच. डोक्यावर एक प्राणी होता. करडा, ओला, मानेवरून कमरेपर्यंत घसरत आलेला, आणि चालताना त्याचा चिपचिप आवाज येत होता. त्यांनी तो बाजूला करायला हात घातला आणि हात आतच राहिला.

"ओवी!" त्या म्हणाल्या. "हे काय आहे? हे माझ्यावर जिवंत आहे का?"

उमेशच्या पाठीवर काहीतरी कोमट सरकलं. त्यानंही मघाशी चार तांबे घेतले होते. त्यानं भिंतीला टेकायला पाहिलं आणि भिंत त्याला सोडेना.

*

ओवीनं मोबाइलला सूक्ष्मदर्शकाची काच लावली, सासूबाईंच्या खांद्यावरची एक तार उचलली आणि बघत राहिली.

"बकासुर," ती म्हणाली. "जागे आहेत. तेलानं जागे झालेत." ती खुर्चीवर बसली, बसताना तिलाही दोन तारा चिकटल्या. "चौथी टाकी फेल गेलीये. आणि आज सगळं गाव तेल लावून बसलंय."

कैवल्य तिच्या जवळ गेला, पण दोघं चिकटतील म्हणून हातभर लांब थांबला. "अपाय आहे का यानं?"

"अपाय काही नाही. तेल संपलं की पुन्हा झोपतील. पण हे असं, घराघरात, दिवाळीच्या पहाटे... मला कोण उभं करेल परत?" तिनं डोळे पुसायला हात नेला आणि थांबवला. "कंट्रोल रूमला फोन करते. पाणी बंद करा, आणि प्लांट फेल गेला म्हणून जाहीर करा. माझ्या नावानं."

"मी म्हटलं होतं," चारुशीलाबाई पुटपुटल्या. काय म्हटलं होतं ते त्या बोलल्या नाहीत. पण तो शब्द सगळ्यांना ऐकू आला.

ओवी नंबर लावत होती.

आणि उमेश भिंतीला चिकटून उभा होता. घरात या क्षणी एकच गोष्ट त्याला ठाऊक होती, जी ओवीला ठाऊक नव्हती. गच्चीवरच्या टाकीत चौथ्या टाकीचं पाणी नव्हतंच. देवराईत बकासुर कुठून आले, ते त्याला कळेना. पण प्लांट फेल गेला नव्हता, एवढं नक्की. गप्प राहिलं तर झाकलेलं झाकलेलंच राहणार होतं. पोरीचा प्लांट बुडेल, पण बापाचं पोस्टर टिकेल. मेघना त्याच्याकडे बघत होती. बोलत नव्हती. 'मी कशाला बोलतेय' म्हणाली होती ना, शब्दाची पक्की बाई!

अडचण आणखी एक होती. त्याच्या कपाळावरून उतरलेला बुळबुळीत पडदा आता मिशीवरून ओठांवर आला होता. एक जाड थेंब खालच्या ओठावर लोंबत, वाट बघत होता. तोंड उघडलं की तो आत जाणार.

उमेश हेंद्रे आयुष्यात कधी दुसऱ्याच्या ग्लासानं पाणी प्यायला नव्हता.

"हॅलो, कंट्रोल रूम?" ओवी म्हणाली.

उमेशनं तोंड उघडलं.

थेंब आत गेला. कोमट, सैल, घरच्यासारखा. तो गिळून उमेश ओरडला, "ठेव! फोन ठेव, ओवी! ते आपल्या प्लांटचं पाणी नाही! टँकरचं आहे. मी मागवलंय. मी... मी तुझं पाणी कधी प्यायलोच नाही गं."

घरात एवढी शांतता झाली की चारुशीलाबाईंच्या केसांची चिपचिप ऐकू आली.

"कधीच?" ओवी म्हणाली.

"कधीच."

"पोस्टरवर?"

"बाटलीचं."

"तीन वर्षं, बाबा?"

"तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही," उमेश म्हणाला. त्याच्या हनुवटीवरून तार लोंबत होती. "माझा माझ्या नाकावर नव्हता."

ओवीनं मेघनाकडे बघितलं. मेघनानं मान डोलावली. मग ओवीनं हात पुढं केला. "त्या टँकरवाल्याचा नंबर द्या."

स्पीकरवर सोपानचा आवाज फटाक्यांतून आला. "शुभ दीपावली, साहेब! झाली का आंघोळ?"

"सोपान," उमेश म्हणाला, "त्या देवराईच्या विहिरीत काय आहे?"

"विहिरीत?" पलीकडे जरा वेळ नुसती लवंगी माळ वाजली. "साहेब, आज सणाच्या दिवशी खोटं नको. विहीर आटली त्याला जमाना झाला. आत आता वटवाघळं आहेत."

"मग मला पाणी कुठलं देत होतास?"

"आपलंच की, साहेब! प्लांटाचं. पण चौथ्या टाकीला मीटर आहे, तिथं चोरी पकडली जाते. म्हणून तिसरीच्या व्हॉल्व्हचं. चकाचक दिसतं हो! तुमच्याच हाताखालचं, म्हटलं साहेबांना घरचं पाणी मिळतंय, पाप कसलं त्यात?"

उमेश सावकाश भिंतीवरून घसरत खाली बसला. भिंतीनं शेवटपर्यंत साथ दिली. तीन वर्षं. रोज. डोळे मिटून. मुळांचा वास, मातीचा वास. तो वास शिळ्या तळणीचा होता. तो खमंगपणा घुशीचा होता. मेघनाचं लोणचं, ती तार, ती सैल झालेली पॅंट, सगळं त्याच्या पोटात ओळीनं उभं राहिलं. तो उठून मोरीकडे धावला, पण उलटीसुद्धा धड होईना. बकासुरांनी आत ओकण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

*

उपाय ओवीनंच सांगितला. साबण नाही, पाणी नाही, आधी तेल शोषून घ्यायचं. मेघनानं चकल्यांसाठी आणलेलं बेसन काढलं. मग जावई, विहीणबाई आणि घरधनी पाटावर ओळीनं बसले, अंगभर कोरडं बेसन थापून, तळायला काढलेल्या भज्यांसारखे. शेजारच्या तांबटांकडून नळाच्या पाण्याच्या बादल्या आल्या. तांबटांचं सगळं कुटुंब फराळाचं ताट घेऊन दारात आलं होतं, सुस्नात, सुगंधी, केस भुरभुरणारे. आत बघून त्यांनी ताट उंबऱ्यावरच ठेवलं आणि "नंतर येतो," म्हणाले.

उपाशी पडलेले बकासुर मुकाट्यानं झोपले, आणि चौथ्या टाकीच्या पाण्यानं खपलीसारखे वाहून गेले.

चारुशीलाबाई केस झटकत बसल्या होत्या. बराच वेळ त्या उमेशकडे बघत होत्या. त्याच्या बरगड्या मोजल्यासारख्या.

"म्हणजे हा माणूस," त्या शेवटी म्हणाल्या, "तीन वर्षं जिवाणूंसकट पाणी प्यायला. आणि ठणठणीत आहे."

"कोलेस्टेरॉल जवळजवळ नाहीच," मेघना म्हणाली.

"मग गाळलेल्यानं माझ्या सोसायटीला काय होणार आहे? ओवी, कुठं सही करायची?" ओवी उठली, तसा त्यांनी तिचा पदर धरून आवाज उतरवला. "आणि ऐक. ते तिसऱ्या टाकीचं... त्यानं माणूस खरंच एवढा बारीक होतो?"

"अहो आई! अजिबात नाही!"

"एक कॅन गं. माझ्यापुरता. कुणाला सांगणार नाही."

उंबऱ्यापाशी फराळाचं ताट न्यायला आलेल्या तांबटवहिनी तिथंच थबकल्या. "कसली टाकी म्हणालात?" त्यांनी विचारलं. उमेशनं डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या टाकीपुढं रांग लागणार, हे त्याला बसल्या जागी दिसत होतं.

त्याची आंघोळ सगळ्यांत शेवटी राहिली होती. ओवी बादली घेऊन आली. "मान खाली घाला," ती कोरडेपणानं म्हणाली आणि त्याच्या डोक्यावर तांब्या ओतला. उमेशनं श्वास रोखला. पाणी वाहून गेलं. नुसतं पाणी होतं. दुसरा तांब्या तिनं जरा हळू ओतला. तिसऱ्याला तिनं त्याच्या कानामागं चिकटलेलं बेसन अंगठ्यानं पुसलं.

मग तिनं तांबटांच्या नळाची एक भरलेली बादली पुढं ओढली, त्यातून ग्लास भरला आणि त्याच्यासमोर धरला.

घरातले सगळे बघत होते. उमेशनं ग्लास घेतला. नाक दाबलं नाही, डोळे मिटले नाहीत. एका दमात संपवला.

"कसं आहे?" ओवीनं विचारलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. खरंच चांगलं होतं. स्वच्छ, गार, कशाचीच चव नसलेलं. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं, आणि ते टिकावं म्हणून उमेशनं आणखी एक ग्लास मागून घेतला.

तोही संपला. मग त्यानं मिशी पुसली, आणि आपली जीभ टाळ्याला लागून हळूच काहीतरी हुडकतेय, हे ध्यानात आल्यावर त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. जीभ देवराईचा वास शोधत होती.